पाण्याचे विरजण

सरकारी नोकरीत माझी तीसएक वर्षे गेली, आणि त्यांतली निम्मी तरी निविदा उघडण्यात गेली असतील. लाखेने मोहरबंद केलेले लिफाफे, त्यांवर समितीच्या सह्या, मग दरांचा तुलनात्मक तक्ता. सर्वांत कमी दर कोणाचा, तो का स्वीकारावा, आणि स्वीकारू नये असे वाटत असेल तर ते कोणत्या शब्दांत लिहावे म्हणजे लेखापरीक्षकांचा आक्षेप येणार नाही, हे शास्त्र मला चांगले अवगत झाले होते. २०१७ साली निवृत्त झालो तेव्हा यातून सुटलो असे वाटले. पण आयुष्यातला सर्वांत अवघड तक्ता मला त्यानंतर करावा लागला, तोही दिलसुखनगरच्या आमच्या घरामागील हौदासाठी. आणि त्यात मी सपशेल चुकलो. ती चूक दुरुस्त करताना जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मासे पाळणारे आपल्यात थोडेच असतील. पण घरी दही लावणारे सगळेच आहेत, आणि विषय शेवटी तिथेच जाऊन पोचतो.

हौद माझ्या वडिलांनी बांधलेला. मराठवाड्यातून शिक्षणासाठी निजामाच्या राजधानीत आलेल्या आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर इथेच राहून गेलेल्या असंख्य मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. काचीगुड्याच्या भाड्याच्या घरातून वडील सत्तरच्या दशकात दिलसुखनगरला आले, तेव्हा नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढले होते. इतक्या लांब, विजयवाड्याच्या रस्त्यावर, शेतांच्या शेजारी कोण राहणार! नळाचे पाणी बेभरवशाचे. म्हणून घराआधी त्यांनी हौद बांधून घेतला : बारा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल, आतून शहाबादी फरशी लावलेला. ३८४ घनफूट, म्हणजे सुमारे १०,९०० लिटर पाणी त्यात मावते. आमच्या घरातली दोन लग्ने आणि कित्येक उन्हाळे त्या हौदाने निभावून नेले. पुढे २००४ पासून कृष्णेचे पाणी शहरात येऊ लागले, जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी आली, आणि हौद रिकामा पडला. त्यात माती भरून गुलाब लावावेत असा आमच्या सौ.चा अनेक वर्षांचा प्रस्ताव होता. वडिलांच्या हातची वस्तू बुजवायला मन होईना, म्हणून तो मी सरकारी पद्धतीने विचाराधीन ठेवला होता.

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या नातीने तो कायमचा निकालात काढला. ती तेव्हा आठ वर्षांची होती. मैत्रिणीच्या घरी तिने रंगीत मासे पाहिले आणि हौदाचा उपयोग तिला तत्काळ सुचला. मुसारामबागेच्या बाजूला एक वयस्कर गृहस्थ माशांचे दुकान चालवतात. त्यांच्याकडून आम्ही चार-चार इंचांचे अकरा कोई मासे आणले.

कोई म्हणजे आपल्या तळ्यांत आढळणाऱ्या सायप्रिनस जातीच्या माशाचे जपानी शेतकऱ्यांनी घडवलेले रंगीत रूप. जपानच्या नीगाता प्रांतात डोंगराळ भागातील लोक भातखाचरांच्या तळ्यांत हिवाळ्यात खाण्यासाठी हे मासे पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांत मधूनच तांबडे, पांढरे रंग दिसू लागले. ते मासे त्यांनी निवडून वेगळे ठेवले आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. १९१४ साली तोक्योच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि मग साऱ्या देशाला त्यांचा छंद लागला. म्हणजे पोटासाठी पाळलेला जीव डोळ्यांसाठी राखला गेला. आमच्या शाकाहारी घराला ही हकीकत मोठी सोयीची होती, कारण कुंपणापलीकडून पहिला प्रश्न आला तो, “तिनडानिका, सार?” खाण्यासाठी का? अकरांपैकी एक मासा शुभ्र होता आणि त्याच्या कपाळावर नेमका एक तांबडा ठिपका होता. जपानी लोक या जातीला क्रौंचपक्ष्याच्या नावावरून तांचो म्हणतात. नातीने त्याचे नाव ‘कुंकू’ ठेवले.

दुकानदाराने निघताना एकच इशारा दिला होता : हे मासे दोन-दोन फूट वाढतात, फिल्टरचे आधी पाहा. मला मनूच्या ओंजळीतला मासा आठवला. शतपथ ब्राह्मणातला तो मासा आधी घागरीत, मग खड्ड्यात, मग समुद्रातच मावतो. मनूला निदान समुद्र उपलब्ध होता. मला १०,९०० लिटरांतच भागवायचे होते.

मी रीतसर तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली. पहिले, पोहण्याच्या तलावांना बसवतात तसल्या बंद पिंपातील वाळूच्या फिल्टरचे : एक अश्वशक्तीचा पंप दाबाने पाणी वाळूतून ढकलतो. दुसरे, स्पंजाच्या पेटीचे, आत अतिनील किरणांचा दिवा असलेल्या. तिसरे त्या दुकानदाराचेच. आणि ते दरपत्रक म्हणण्याच्या लायकीचेही नव्हते. पाकिटाच्या पाठीवर त्याने तीन पिंपांची आकृती काढली होती आणि खाली लिहिले होते, ‘जगह लगेगी, वक्त लगेगा’. तक्त्यात ‘वक्त’ हा स्तंभ नव्हता. शाळेच्या सहलीत आम्हांला आसिफनगरचे फिल्टर बेड दाखवले होते. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर बांधल्या गेलेल्या उस्मानसागराचे पाणी तिथे उताराने येते आणि वाळूतून गाळले जाऊन शहराला मिळते, एवढे डोक्यात पक्के बसले होते. ज्या वाळूने हैदराबादला पाणी पाजले ती अकरा माशांना पुरणार नाही काय? वाळूचा फिल्टर सर्वांत स्वस्तही होता. तक्त्याखाली मी मनातल्या मनात सही केली.

पहिले काही महिने मी स्वतःवर खूश होतो. पाणी इतके नितळ की तळाच्या फरशीचे सांधे मोजावेत. विजेची बचत म्हणून पंप मी दिवसाचे आठ तास चालवी आणि रात्री आठवणीने बंद करी. मासे वाढत होते, हातातून खात होते. नात शाळेतून आली की दप्तर टाकून आधी हौदावर जाई.

२०१९ च्या मे महिन्यात, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, घरी पाहुणे येणार होते. हौदाच्या भिंतींवर तपकिरी-हिरवा बुळबुळीत थर जमला होता आणि वाळूच्या फिल्टरातून कुबट वास येत होता. मी ठरवले की एकदा सगळे मुळापासून स्वच्छ करायचे. मासे दोन दिवस मोठ्या टबांत ठेवले. हौद उपसला, माणूस लावून फरशी घासून घेतली. फिल्टरातली वाळू बाहेर काढून ब्लीचिंग पावडरने धुतली, उन्हात वाळवली, पुन्हा भरली. बोअरचे आणि नळाचे पाणी निम्मे-निम्मे घेऊन हौद भरला, नळाच्या पाण्यातले क्लोरीन उडून जावे म्हणून एक रात्र ठेवला आणि मग मासे सोडले. पाहुण्यांनी हौदाचे कौतुक केले. मला समाधान वाटले.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून भकाभका श्वास घेऊ लागले. चौथ्या दिवशी पहिला गेला. सहा दिवसांत अकरांपैकी सात गेले. कुंकू पाचव्या दिवशी पहाटे तरंगताना दिसली. नात उठण्यापूर्वी मी तिला बाहेर काढून डाळिंबाच्या झाडाखाली पुरणार होतो; पण ती आधीच दारात उभी होती. ती रडली नाही. तिने हौदात वाकून पाहिले आणि विचारले, “आबा, पाणी तर स्वच्छ आहे ना?” मी ‘हो’ म्हणालो. त्यानंतर ती पुष्कळ दिवस हौदाकडे फिरकली नाही.

मी पाण्याची बाटली घेऊन दुकानदाराकडे गेलो. त्याने काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन कसल्याशा औषधाचे थेंब टाकले. पिवळे राहायला हवे होते ते पाणी पाहता पाहता गर्द हिरवे झाले. “अमोनिया, साब,” तो म्हणाला. मी काय काय केले ते त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग हळूच म्हणाला, “आप मैल नईं धोए साब, जान धो डाले. फिल्टर तो खाली डब्बा है. काम करनेवाले तो उस मैल में रैते.”

या वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठी मी पुढे बरेच वाचले. त्यातले सार सांगतो. मासा पाणी घाण करतो ते विष्ठेने, असे आपल्याला वाटते. पण त्याच्या शरीरातला बहुतेक अमोनिया कल्ल्यांवाटे, श्वासाबरोबर, सतत बाहेर पडत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि कोणत्याही वाळूत अडकत नाही, कारण साखरेसारखा तो पाण्यात विरघळलेला असतो. त्याचे विषारीपण पाण्याच्या सामूवर आणि उष्णतेवर अवलंबून असते. पाणी २५ अंश असेल आणि सामू ७ असेल, तर त्यातला जेमतेम शेकडा अर्धा भाग घातक रूपात असतो; सामू ८ झाला की तोच भाग शेकडा पाचांवर जातो. आमचे बोअरचे पाणी आठाच्या वर, आणि महिना मे. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंशांना लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. मासे वर येऊन हवा गिळत होते याचे कारण हे सगळे मिळून होते.

हे विष निसर्गात कसे उतरते, याचा शोध १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी लावला. त्यांनी एका उभ्या नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून सांडपाणी अगदी हळूहळू सोडले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग अचानक तो कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा हे काम बंद पडले. त्यावरून त्यांनी ओळखले की हे वाळूचे कर्तृत्व नाही. वाळूवर वस्ती करून राहिलेल्या सूक्ष्म जिवांचे आहे. पुढे विनोग्राद्स्कीने त्या जिवाणूंचे दोन गट वेगळे करून दाखवले. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो. तेही विषच, त्याने माशांचे रक्त तपकिरी होते. दुसरा गट त्याचे नायट्रेट करतो, जे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असते आणि वनस्पतींचे तर खाद्यच. ज्या मंद गाळण्यांत पाणी वाळूतून सावकाश झिरपते, तिथेही वरच्या पातळ चिकट थरातले जीवच मोठे काम करतात. सहलीतल्या मुलांना कोणी वाळू दाखवली होती, थर दाखवला नव्हता.

भिंतींवरचा जो बुळबुळीत थर मी माणूस लावून घासला, वाळूतला जो मळ मी ब्लीचिंगने धुतला, तीच ती वस्ती होती. आधीही रात्री पंप बंद ठेवून मी तिला रोज अर्धमेली करत होतो. एक ग्रॅम नत्राचा अमोनिया पचवायला या जिवाणूंना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. तो वाहत्या पाण्यातूनच मिळतो. फिल्टरातला कुबट वास त्यांच्या गुदमरण्याचा होता.

उरलेल्या चार माशांसाठी दुकानदाराने तीन गोष्टी सांगितल्या. आठवडाभर खाणे बंद. रोज थोडे पाणी काढून तेवढेच नवे घालायचे, त्यात क्लोरीन मारणारे ‘हायपो’ मिसळायचे. आणि बेताने खडे मीठ टाकायचे, कारण मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. हे सांगून झाल्यावर तो दुकानाच्या मागे गेला आणि आपल्या जुन्या फिल्टरातला स्पंजाचा एक काळपट, चिखल गळणारा तुकडा पिशवीत, त्याच पाण्यात बुडवून घेऊन आला. हा मी पैसे देऊन घेतला नसता असा तो दिसत होता. त्याने पैसे घेतलेही नाहीत. “इसको धोना नक्को,” एवढेच बजावले.

घरी पिशवी उघडली तेव्हा सौ.ने नाकाला पदर लावला. मी तिला सर्व प्रकार सांगितला. तिने एका वाक्यात निकाल दिला : “म्हणजे विरजण आहे म्हणा की!” तीस वर्षे तक्ते करणाऱ्याला जे पुस्तके वाचून समजले, ते तिला रोजच्या दह्याने शिकवले होते. काचीगुड्याहून इकडे येताना माझ्या आईनेही विरजणाची वाटी मांडीवर धरून आणली होती, ही आठवण तिनेच दिली.

पण दह्याचे विरजण रात्रीत लागते. हे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात, आणि नव्या फिल्टरला मुरायला महिना-सव्वा महिना जातो. त्या अवधीत मी तुलनात्मक तक्ता नव्याने मांडला. या खेपेस पहिला स्तंभ किमतीचा नव्हता. जिवांना राहायला जागा किती, त्यांना प्राणवायू कसा मिळणार, वीज महिन्याला किती, ती गेली तर काय, आणि साफसफाई करताना वस्ती शाबूत राहील काय, असे ते स्तंभ होते.

वाळूचे पिंप यात टिकले नाही. वाळूचे कण बारीक, म्हणून जागा पुष्कळ. पण माशांच्या चिकट मळाने ती गोळा होते, पाणी आपली वाट काढून एकाच बाजूने वाहते, आणि उलट धुलाईत शेकडो लिटर पाणी जाते. आठ तासांना सहा युनिटे वीज, ती चोवीस तास चालवायची तर अठरा! स्पंजाच्या पेटीतला अतिनील दिवा पाणी हिरवे करणारे शेवाळ मारतो, त्यामुळे पाणी छान दिसते. अमोनियाला तो हातही लावत नाही. दिसण्याला भुलायचे नाही, एवढे मी तोवर शिकलो होतो. उरली ती पाकिटाच्या पाठीवरची तीन पिंपे.

दोनशे लिटरांची तीन निळी पिंपे आम्ही हौदाच्या कडेला बसवली. हौदाच्या तळातून पाणी आपसूक पहिल्या पिंपात येते. तिथे ते संथ गोल फिरते आणि जड मळ खाली बसतो. आठवड्यातून दोनदा तळाची तोटी सोडली की तो डाळिंबाच्या आळ्यात जातो. दुसऱ्यात जाड चटया आहेत, त्यांत बारीक मळ अडकतो. तिसऱ्यात प्लॅस्टिकची लहान लहान दातेरी चाके हवेच्या बुडबुड्यांनी सतत घुसळत असतात. नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाण्यासाठी ही युक्ती निघाली. अशा चाकांच्या एका घनमीटरात सुमारे ५०० चौरस मीटर आतला पृष्ठभाग असतो. आमच्याकडे शंभर लिटर चाके आहेत, म्हणजे पन्नास चौरस मीटर. दोन खोल्यांचे बिऱ्हाड मांडता येईल एवढी जागा एका पिंपात! शेवटी ८० वॅटचा छोटा पंप पाणी वर उचलतो आणि ते भोके पाडलेल्या दोन ताटांमधून धारांनी हौदात पडते. दोन तासांत हौदातले सारे पाणी एकदा या वाटेने जाऊन येते. महिन्याला वीज सुमारे ५८ युनिटे. परतीच्या वाटेवर खडीत कर्दळी आणि वाळा लावला आहे; नायट्रेट ते खातात. दुकानदाराच्या स्पंजाचा तुकडा आधी चटयांच्या मध्ये ठेवला आणि मगच पाणी सोडले.

ताटांची कल्पना माझी, म्हणजे खरे तर औरंगाबादच्या पाणचक्कीची. लहानपणी आजोळी जाताना वडिलांनी ती दाखवली होती. डोंगराकडून नळांतून आणलेले पाणी उंचावरून हौदात कोसळत असते आणि हौदात मासे फिरत असतात. तिथे कोणी फिल्टर बसवलेला नव्हता. पाणी येत होते, पडत होते आणि जात होते. पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, आणि हैदराबादच्या उन्हाळ्यात ते थोडे थंडही होते.

या सगळ्याहून मोठी गाळणी मात्र फुकट मिळते, आणि ती म्हणजे आपला आवर. एका पूर्ण वाढलेल्या कोईला ढोबळ मानाने हजार लिटर पाणी द्यावे, असे जाणकार सांगतात. आमच्या हौदात दहा मावतील. मी सहाच्या वर जात नाही. घरून पाचच मिनिटांवर सरूरनगरचा तलाव आहे. कुतुबशाहीत, १६२६ च्या सुमारास बांधलेला. त्यातही तेच जिवाणू आहेत, तीच वनस्पती आहे. पण भोवतालच्या वस्त्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात उतरले, आणि पचवण्याच्या शक्तीपलीकडे गेलेले पाणी जलपर्णीने झाकून गेले. तलावाला गाळणी लहान पडली असे म्हणण्यापेक्षा, आपण त्याला वाढले जास्त, हे अधिक खरे.

नव्या व्यवस्थेची परीक्षा १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री झाली. त्या रात्रीचा पाऊस हैदराबादकर विसरणार नाहीत. सरूरनगरचा तलाव भरून वाहू लागला, खालच्या वसाहतींत पाणी शिरले. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होते. घराचे जोते उंच, म्हणून मागचे अंगण वाचले. वीज गेली. इन्व्हर्टरवर हवेचा छोटा पंप चालत होता, तोही पहाटे दोनच्या सुमारास थांबला. मासे वर येऊ लागले. दीड वर्षापूर्वीचे ते तोंड उघडणे मला पुन्हा दिसू लागले आणि माझे हातपाय गळाले.

मुलाने बादली उचलली. हौदातलेच पाणी भरायचे आणि छातीइतक्या उंचीवरून परत हौदात ओतायचे. पाण्यात हवा मिसळण्याचा तोच एक मार्ग होता. तो दमला की मी, मी दमलो की सून. थोड्या वेळाने पाहतो तो नात देवघरातला तांब्या घेऊन शेजारी उभी. कंदिलाच्या उजेडात ती धार धरून पाणी ओतू लागली. सौ. खिडकीतून म्हणाली, “अहो, पुरे करा, अभिषेक झाला!” पण अर्ध्या तासाने तीही खाली आली. उजाडेपर्यंत आम्ही पाचजण आळीपाळीने ओतत होतो. सकाळी अकराला वीज आली तेव्हा पंप लगेच सुरू केला नाही. इतका वेळ कोंडलेल्या पिंपांतले पाणी प्राणवायू संपून नासलेले असते. ते हौदात गेले तर रात्रीची मेहनत वाया जाते. दुकानदाराने हे पूर्वीच सांगून ठेवले होते. पिंपे आधी उपसली, चटया हौदाच्याच पाण्यात विसळल्या, आणि मग बटण दाबले. एकही मासा गेला नाही. नात त्या दिवसापासून पुन्हा हौदावर बसू लागली.

आता ती कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली आहे. हौदातले पाणी २०१८ सालाइतके नितळ कधीच नसते. किंचित चहाच्या रंगाचे, भिंतींवर थर असलेले. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढतो, तेवढेच नवे घालतो. सगळे जुने टाकून सगळे नवे भरायचे नाही, आणि जुने तसेच सडू द्यायचेही नाही. आपली साठ-सत्तर वर्षे या शहरात कशी गेली, घरात दख्खनी आणि तेलुगूचे शब्द येत गेले तरी मराठीचे विरजण कसे टिकले, याचा विचार हौदाच्या कट्ट्यावर बसले की मनात येतो. पूर्वी मी नातीच्या बोलण्यातले प्रत्येक ‘नक्को’ दुरुस्त करत असे. आताशा तेवढे घासत नाही.

गेल्या हिवाळ्यात चैतन्यपुरीहून एक तरुण तेलुगू दांपत्य आले. त्यांनी गच्चीवर लहानसा हौद केला आहे आणि पाणी सारखे बिघडते. फिल्टर कोणता घ्यावा, असे विचारत होते. मी तक्ता काढू लागलो, तेवढ्यात नात उठली, दुसऱ्या पिंपातल्या चटईचा कोपरा कात्रीने कापला, पिशवीत हौदाचे पाणी घेऊन त्यात बुडवला आणि त्यांच्या हातात दिला. “हे धुवायचं नाही,” तिने आधी मराठीत सांगितले आणि मग तेलुगूत.